मिठागराचा पांढरा

घणसोलीला, गावठाणाच्या कडेला, दुसऱ्या मजल्यावर
रात्री दीड वाजता मी उजेड मोजत बसलेय.
मॉनिटर तुर्भ्याच्या भंगार गोदामातला, कोपऱ्याला टवका उडालेला,
बंद पडलेल्या कुठल्याशा स्टुडिओचा. हजार निट्सचा.
विकणारा म्हणाला होता,
याचा उजेड तुमच्या लिनक्सला पेलायचा नाही, ताई.

खरंच पेलत नव्हता.
तीन वर्षं इथे पांढरा म्हणजे कागद.
वेल्डिंगची ठिणगी, स्टीलच्या हंड्याची कड, पत्र्यावरचं ऊन,
सगळ्यांना एकाच उंचीचं दार,
वाकूनच आत यायचं.
एचडीआर चालू केलं की रंग उतरायचे
शंभर धुण्यातल्या परकरासारखे.

बाबा मागे खाटेवर, जागे.
हरिश्चंद्र मढवी, वय एकोणऐंशी.
पोरवयात मिठागरावर फावडं,
मग जमीन गेली,
मग त्याच जमिनीवरच्या रंगाच्या कारखान्यात
गेटवर, खाकीत, तेहतीस वर्षं.
मागच्या उन्हाळ्यात त्यांना एक फोटो दाखवला, मीच काढलेला:
खाडीपलीकडचं मिठागर, भर दुपार, राशी.
बघत राहिले. मग म्हणाले,
"ह्ये मीठ नाय गो. ह्यो चुना."

तेव्हापासून हे सुरू आहे.

दूर कुठल्या बर्फाच्या गावात कुणी,
ज्याचं नाव मला नीट उच्चारताही येत नाही,
वर्षानुवर्षं वाद घालून एवढंच ठरवून घेतलं
की पडद्यावरच्या प्रत्येक खिडकीने आधी सांगायचं,
माझा पांढरा किती.
हिचा दोनशेचा, तिचा हजाराचा.
बसा शेजारी शेजारी,
कुणी कुणाला विझवायचं नाही.
ऐकायला सोपं. आमच्या सोसायटीत हे अजून जमलेलं नाही.

माझा वाटा एका ओळीचा:
हा मॉनिटर खोटं बोलतो,
हजार सांगतो, सहाशेला धापा टाकतो,
त्याच्या शब्दावर जाऊ नका.
चौथ्या दिवशी उत्तर आलं. घेतली.

बाबांना सांगितलं तर विचारतात, पैसे किती दिले?
नाही दिले.
"फुकट राबतेस?"
फुकट नाही बाबा, मोकळं. कुणीही यावं, वापरावं,
बांध फुटला तर ज्याला दिसला त्याने घालावा.
"सात-बारा कोनाच्या नावावर?"
सगळ्यांच्या.
पंख्याचे बरेच फेरे गेले.
"म्हंजे गुरचरन."
हो.
"जपा मंग. आमचं गुरचरनच आदी गेलं."

आज नवं अपडेट. फोटो उघडला.
राशींच्या कडा पेटल्या,
पण सावली सावलीच राहिली, आणि तिच्यात
फावड्याचा एक दांडा दिसला
जो फोटो काढताना मलाही दिसला नव्हता.
मी मागे वळून विचारणार होते, आता?
बाबा उठून बसले होते.
डोळे बारीक,
डावा हात कपाळावर आडवा,
रात्री दीड वाजता, बंद खिडकीच्या खोलीत,
ऊन अडवत.
"पाय जलतात," एवढंच म्हणाले,
आणि खाटेवर पाय वर ओढून घेतले.

मी पाणी आणायला गेले. तेवढ्यात मशीनला डुलकी लागली.
उठवलं तर
परत चुना.

नोंद लिहायला घेतली.
काय घडतं: झोपेतून उठल्यावर पांढरा हरवतो.
काय घडायला हवं:
इथे थांबले थोडी. कर्सर लुकलुकत होता.
पुन्हा पुन्हा घडतं का:
दर वेळी.